गारगोट्यांचा उतार

वनस्पती संग्रहशाळेत तिला पाठीमागे ‘कुसळ’ म्हणत. गवताचं कुसळ पायमोज्यात रुतलं की ओढावं तितकं आत जातं, मोजा धुतला तरी निघत नाही, आणि नेमकं चालायला लागलं की टोचतं. ही बाईही तशीच. एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की समोरच्याची सुटका नसे. नोंद करताना कुणी पाकळीचा रंग ‘पिवळट’ असा मोघम लिहिला, तर ती कागद त्याच्या टेबलावर आपटायची. “पिवळट म्हणजे? हळदीसारखा, लिंबासारखा की तुझ्या दातांसारखा?”

नाव ठेवणारा तिचाच वर्गमित्र. कॉलेजात दोघं एका बाकावर बसत, एकाच डब्यातलं खात, आणि झाडांवरून कडाकडा भांडत. पुढे तो संग्रहशाळेचा संचालक झाला आणि ती वर्गीकरण विभागात राहिली. त्याचं तिला वाईट वाटलं नव्हतं. खुर्चीत बसून सह्या ठोकायला तिला कुणी दोरीने बांधलं असतं तरी ती खुर्चीसकट पळाली असती.

देशाच्या एका टोकाला डोंगरी उद्यान होतं, दुसऱ्या टोकाला वाळवंटी. दोन्ही इतकी आडबाजूला, की तिथे बदली होणं ही खात्यात शिक्षा समजली जाई. आणि या एवढ्या मोठ्या मुलखात रानटी झाडझाडोरा काय काय आहे, याची कुणी धड नोंदच केली नव्हती. कुणा जुन्या माणसाने कधीतरी ‘काही झुडपे आढळली’ असं लिहून ठेवलं होतं. ते वाक्य वाचून तिच्या डोक्यात जी तिडीक गेली, ती काही उतरली नाही. तिने ते काम मागून घेतलं. तारुण्य, गुडघे आणि घरातली बरीचशी लग्नकार्यं त्यात घातली.

काम म्हणजे कुणाला वाटेल फुलं वेचणं. पहाटे पाठीवर पिशवी टाकून निघायचं. एकेका झाडासमोर गुडघे टेकायचे. खोडाची साल, पानाची लव, फुलातले केसर भिंगातून बघून लिहून घ्यायचे. एखादी फांदी फुलासकट कापून जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत पसरायची, अशा घड्यांची चळत लाकडी फळ्यांमध्ये घालून पट्ट्यांनी आवळायची आणि कागद ओलावले की बदलायचे. एकदा विसरलं की बुरशी, की सगळी पायपीट पाण्यात. शहरात परतल्यावर वाळलेलं झाड सुईदोऱ्याने जाड कागदावर टाचायचं आणि डांबरगोळ्यांचा वास मारणाऱ्या लोखंडी कपाटात ठेवायचं. डोंगरात थंडीने तिची बोटं चिरत, वाळवंटात उन्हाने ओठ. घरी आली की नवरा आधी तिचे हात उलटेपालटे करून बघायचा आणि मग “जेवतेस का?” विचारायचा.

नवरा कवळ्या बनवायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं काम चाले. फळीवर परक्या लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे ठसे, टेबलावर मेणाची शेगडी, खिडकीत घासायचं यंत्र. शांत माणूस. बायको ऑफिसातून फणफणत आली की तो यंत्र बंद करून म्हणायचा, “एवढे दात खाऊ नकोस. तुझी कवळी मला फुकट करून द्यावी लागेल.” कधी ती हसायची, कधी त्याच्यावरच घसरायची. त्याला दोन्हीची सवय होती.

वाळवंटात तिच्याबरोबर खात्याचा एक वयस्कर ड्रायव्हर असे. तो जीप इतकी सावकाश हाकायचा, की सगळे त्याला तोंडावर गोगलगाय म्हणत. “पुढे बघा मॅडम, आपलीच धूळ आपल्याला मागे टाकून गेली,” असं तोच सांगायचा. ती एरवी कुणावरही खेकसली असती, पण त्याच्यावर नाही. सावकाश जाणाऱ्या गाडीतून झाडं दिसतात.

गारगोट्यांचा तो उतार मात्र तिला दिसला तो टायर पंक्चर झाला म्हणून. पांढऱ्या, करड्या, गुलाबीसर गारगोट्यांनी भरलेला लांबच लांब उतार. उन्हात डोळे उघडवत नव्हते. ड्रायव्हर चाक काढेपर्यंत बसावं म्हणून तिने खाली हात टेकला, तर तळव्याखालचा एक खडा मऊ लागला. तिने हात झटकन मागे घेतला. खाली वाकून पाहिलं. अंगठ्याएवढा करडा खडा, वर बारीक ठिपके, मधोमध मिटलेल्या ओठांसारखी चीर. खडा नव्हताच तो. दोन जाड पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली, आणि बाकीचं सगळं जमिनीत. झाड होतं! एक दिसलं, आणि मग बाजूचं दिसलं, त्याच्या पलीकडचं दिसलं. बघता बघता सगळा उतार जिवंत झाला.

“गोगलगाय, हलू नका! पाय खाली टेकू नका!”

“मग कुठे टेकू, मॅडम?” तो एका पायावर तसाच उभा राहिला, हातात पाना घेऊन.

असं झाड कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तज्ज्ञांनी त्याला लांबलचक शास्त्रीय नाव दिलं. ती म्हणायची ‘गोटी’. गोटी फार सावकाश वाढते. अंगठ्याएवढी व्हायला तिला लागतो तेवढ्या काळात माणूस जन्मतो, शिकतो आणि नोकरीला लागतो. पाऊस झालाच तर चिरेतून एक पिवळं फूल येतं, लिंबाच्या सालीसारखं पिवळं, आणि दुपारपुरतंच उघडतं. तो एक उतार सोडला तर गोटी जगात दुसरीकडे कुणालाही सापडली नव्हती.

त्याच सुमाराला संचालकाच्या डोक्यात नकाशा आला.

“दोन्ही उद्यानांतलं प्रत्येक झाड नकाशावर,” त्याने तिला खोलीत बोलावून सांगितलं. खोलीत दोघंच असले की ती त्याला अरेतुरे करायची. “मोबाइलवर बोट ठेवलं की झाड कुठे आहे ते अगदी पावलापर्यंत कळणार. तुझी सगळी मेहनत लोकांपुढे येईल.”

“बाकी सगळं टाक. गोटी नको. डोंगरी उद्यानात मला सापडलेले ते दोन दुर्मीळ कंदही नकोत.”

“का?”

“कारण गोटी गोंडस आहे. गोंडस, दुर्मीळ आणि खिशात मावणारी. लोक कुंडीत लावायला उपटून नेतील.”

“अगं, तिकडे कोण तडफडायला जातंय? तुला पाठवायचं तर आम्हाला भत्ता द्यावा लागतो.”

“जागा मोघम लिही. नुसतं ‘वाळवंटी उद्यान’ लिही.”

तो खदखदून हसला. “मोघम? तू सांगतेस मोघम लिहायला? जन्मभर लोकांची सालटी काढलीस त्यावरून!”

“पाकळीचा रंग कुणी चोरून नेत नाही. शब्द दे मला.”

“दिला बाई, दिला.”

मग मोठ्या सभागृहात नकाशाचं उद्घाटन झालं. मंत्री आले, कॅमेरे आले. पडद्यावर देश दिसला, मग वाळवंट, मग टेकड्या. संचालक मायक्रोफोनवर म्हणाला, “आणि आता आमचा सगळ्यात नवा शोध!” पडद्यावर तो उतार मोठा मोठा होत गेला. मध्यभागी लाल ठिपका, शेजारी गोटीचा सुंदर फोटो. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ती मधल्या रांगेत होती. उठून उभी राहिली. “काढा तो ठिपका!” तिचा आवाज मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “आत्ताच्या आत्ता काढा!”

संचालक हसला. “आमच्या बाई जरा तापट आहेत,” तो म्हणाला. “आईच ती, लेकराला दृष्ट लागेल म्हणून घाबरते.” सगळे हसले. मंत्रीही हसले. कुणीतरी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. बसताना तिचे कान इतके तापले होते, की तिला पुढचं एकही भाषण ऐकू आलं नाही.

नंतर व्हरांड्यात तिने त्याला गाठलं. तो म्हणाला, मंत्र्यांनी ऐनवेळी नवं काहीतरी दाखवा म्हटलं, नाही कसं म्हणणार? आठवड्यात काढतो. आठवडा गेला. मग नकाशा बनवणाऱ्या कंपनीचा माणूस सुटीवर गेला. मग ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ आलं. ती रोज सकाळी त्याच्या दारात उभी राही, आणि रोज तिला वाटाण्याच्या अक्षता मिळत. शेवटी त्याने शिपायाला सांगून ठेवलं, की बाई आल्या की साहेब मीटिंगमध्ये आहेत.

पाऊस होऊन गेल्यावर, गोटी फुलायच्या दिवसांत, गोगलगायीचा फोन आला.

“मॅडम, तुम्ही या.”

“का? फुलली?”

“तुम्ही या ना.”

ती गेली. त्या दिवशी त्याने जीप भरधाव हाकली. उतारापाशी पोचल्यावर तो खाली उतरला नाही. स्टिअरिंग धरून समोर बघत बसला.

पुठ्ठ्याच्या ट्रेमधून अंडी काढून न्यावीत तसा तो उतार झाला होता. वरपासून खालपर्यंत छोटे छोटे, व्यवस्थित, गोल खड्डे. घाईघाईचं काम नव्हतं. कुणीतरी दिवसच्या दिवस बसून, मुळाला धक्का न लावता, स्क्रूड्रायव्हरने एकेक उकरून काढलं होतं. गाडीच्या चाकांच्या खुणा, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं. एक जोडी रबरी हातमोजे निगुतीने घडी करून दगडाखाली ठेवलेले, जणू परत यायचंच आहे.

ती उतारावर चढली. उतरली. परत चढली. काही लहानगी, नखाएवढी, तेवढी मागे राहिली होती. ती विकण्याजोगी नव्हती. तिला रडू येईल असं गोगलगायीला वाटलं. ती रडली नाही. तिने ते हातमोजे उचलले आणि ती ते दातांनी फाडायला लागली. रबर ताणायचं, सुटायचं, तिच्या गालावर फटकन बसायचं. तरी ती थांबेना. तो धावत आला तशी ती त्याच्यावर उलटली.

“तुम्ही काय करत होतात इथे? झोपा काढत होतात?”

“मी गावात राहतो मॅडम. तुम्ही नसलात की मला गाडीही मिळत नाही.”

“आणि पहारेकरी?”

“एकच आहे. फाटकावर. फाटक इथून दिवसभराच्या वाटेवर.”

त्याचं म्हणणं खरं होतं आणि खरं होतं म्हणूनच तिला ते सहन होईना. परतीच्या वाटेवर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. शहरात पोचल्यावर मात्र तिने त्याला फोन केला आणि “तुमची चूक नव्हती” एवढंच म्हणून ठेवून दिला. तिच्या लेखी ती मोठी माफी होती.

पोलिसांत तक्रार गेली. वनखात्यात गेली. ‘झाडे चोरीस गेली’ हे ऐकून ठाण्यातल्या हवालदाराने विचारलं, “चंदनाची का?” नाही म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. तिने ते उचलून परत त्याच्या हातात दिलं.

काही दिवसांनी तिचा वाढदिवस आला. तिला नको होता, पण धाकट्या बहिणीने ऐकलं नाही. धाकटी ब्युटी पार्लर चालवायची, बोलायला मोकळी, हसायला मोकळी, ताईचा राग पार्लरमधल्या बायकांना रंगवून सांगायची. ती केक घेऊन आली, आणि एक छोटा खोका. “ताई, डोळे मीट. यंदा साडी नाही हं. तुला आवडेल असंच आणलंय.”

खोक्यात चिनी मातीची टिचभर कुंडी होती. कुंडीत पांढरी वाळू. वाळूत गोटी.

नवऱ्याला सगळ्यात आधी कळलं. तो पटकन पुढे झाला, पण उशीर झाला होता.

“कुठून आणलंस हे?”

“ऑनलाइन. अगं, सध्या फार चलती आहे याची. एवढीशी आहे, पण—”

“कुठून आणलंस!”

मग जे काही झालं ते इमारतीतल्या सगळ्यांनी ऐकलं. तिने बहिणीला अक्कलशून्य म्हटलं, चोर म्हटलं, तिच्या पार्लरला, तिच्या नखांना, तिच्या शिक्षणाला नावं ठेवली. धाकटी आधी गोंधळली, मग तिचे डोळे भरले, आणि मग तीही बहिणीचीच बहीण निघाली.

“मला काय माहीत?” ती ओरडली. “कधी सांगितलंस का मला? इतकी वर्षं वाळवंटात काय करतेस, कधी बसून सांगितलंस? फोन केला की ‘कामात आहे’! तुझ्या आवडीचं काहीतरी द्यावं म्हणून रात्रंदिवस शोधत बसले, आणि मी चोर?”

नवऱ्याने कुंडी उचलून कवळ्यांच्या फळीवर ठेवली. “दोघी बसा,” तो म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही, पण त्याने आजवर कधी आज्ञा केली नव्हती, म्हणून दोघी बसल्या. “चोर सापडलाय. दुकानाचा पत्ता हिच्या मोबाइलमध्ये आहे. आता भांडायचं की त्याला धरायचं?”

ती बहिणीला उतारावरचं सगळं सांगत गेली. केक तसाच राहिला. सांगून झाल्यावर धाकटीने नाक पुसलं आणि मोबाइल उघडला. तिने दुकानदाराला लिहिलं: पार्लरमध्ये प्रत्येक आरशापुढे एकेक ठेवायची आहे, भरपूर लागतील, पण आधी बघून घेईन. उत्तर लगेच आलं. अवश्य या.

जायच्या दिवशी धाकटीने तिला बजावलं, “तू माझी मदतनीस. तोंड उघडायचं नाही. माझी शपथ घे.” वनखात्याची माणसं कोपऱ्यावर गाडीत थांबली होती, धाकटीने माल पाहून निरोप पाठवायचा, मग त्यांनी यायचं, असं ठरलं होतं.

दुकान म्हणजे शहराबाहेरच्या बंगल्यामागचं काचघर. माणूस सभ्य, मृदू बोलणारा, नखं स्वच्छ कापलेली. आत मांडण्यांवर ट्रेच्या ट्रे. पांढरा, करडा, गुलाबीसर. तिचा अख्खा उतार तिथे ओळीने मांडून ठेवला होता. ती ओठ चावत उभी राहिली.

“आम्ही स्वतः बियांपासून वाढवतो,” तो धाकटीला सांगत होता. “सहा महिन्यांत एवढी होते.”

“सहा महिन्यांत?” शपथ गेली उडत. “सहा महिन्यांत तुझी जीभ एवढी लांब झाली असेल! या इथल्या प्रत्येकीचं वय तुझ्याएवढं आहे, हरामखोरा!”

धाकटीने कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हाताने निरोप पाठवला.

तो माणूस चिडला नाही. त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. “तुम्ही त्या संग्रहशाळेच्या का? बाई, आम्ही काय दरोडा घातला? सरकारनेच नकाशा काढला. फोटो दिला, जागा दाखवली, रस्ता दाखवला. जागा दाखवायची आणि वर म्हणायचं हात लावू नका?”

गाडीतली माणसं आत आली, पंचनामा सुरू झाला, त्याला बाहेर नेलं, तरी ती मांडणीला टेकून तशीच उभी होती. त्याला चार शिव्या घालाव्यात असं वाटत होतं, पण डोळ्यांसमोर चेहरा येत होता तो दुसऱ्याच कुणाचा.

आणि तरीही सगळ्यात मोठा संताप पुढेच वाढून ठेवलेला होता. ट्रे सरकारी गोदामात गेले, मुद्देमाल म्हणून. ती त्याच दिवशी तिथे गेली. म्हणाली, यांना उजेड हवा, कोरडी हवा हवी, मी सांभाळते. कारकून म्हणाला, न्यायालयाचा हुकूम आणा. हुकमासाठी अर्ज, अर्जाला शेरा, शेऱ्यावर सही. सगळीकडे कागदी घोडे नाचत होते. सरकारी वकील आजारी पडला, मग न्यायालयाला सुटी लागली. अखेर हुकूम हातात घेऊन ती गोदामात पोचली, तेव्हा दारातच कुजका वास आला.

वरचे ट्रे लिबलिबीत झाले होते. तिने एका गोटीला बोट लावलं, तर बोट आरपार गेलं.

गोदामाचा म्हातारा रखवालदार कौतुकाची वाट बघत उभा होता. “रोज पाणी घातलं बाई, न चुकता. कागदावर ‘जिवंत मुद्देमाल’ लिहिलेलं. म्हटलं, माझ्या पाळीत मरायला नको.”

गोटीला वर्षावर्षाचं पाणी पानात साठवून जगायची सवय. रोजच्या पाण्याने ती फुटून सडली होती. पण हे त्या म्हाताऱ्याला कुणी सांगितलं होतं? मग तिने एक सडका ट्रे उचलला, रिक्षा केली आणि थेट संग्रहशाळेत गेली. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. ती म्हणाली, “असू देत,” आणि दार ढकललं.

मीटिंग वगैरे नव्हती. संचालक एकटाच चहा पीत बसला होता. तिने ट्रे त्याच्या टेबलावर उपडा केला. काळपट चिकट लगदा फायलींवरून पसरत गेला.

“हे काय करतेस!”

“नवा शोध दाखवतेय. टाळ्या वाजव.”

तो खुर्ची मागे सारून उठला. खिडकी उघडली. मग म्हणाला, “मला काय आनंद झालाय का? वाईट मलाही वाटतं. पण एक बघ, या प्रकरणाने गोटीचं नाव घरोघरी गेलं. आता संवर्धनासाठी मोठा निधी मिळेल. प्रस्ताव मी आजच—”

“कशाच्या संवर्धनासाठी? याच्या?” तिने टेबलाकडे बोट दाखवलं. “तू शब्द दिला होतास मला. या खोलीत. तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं मी, बढती नाही, खुर्ची नाही. एक ठिपका टाकू नको म्हटलं होतं.”

“परिस्थिती तशी होती.”

“परिस्थिती म्हणजे तुझा मंत्री.”

तो लाल झाला. मग साहेबाच्या आवाजात बोलला. “डोंगरी उद्यानाचा अंतिम अहवाल अजून आलेला नाही. जागांसकट हवाय. कंदांसकट. या महिन्यात.”

“देणार नाही.”

“ती खात्याची मालमत्ता आहे.”

“माझ्या डोक्यात आहे. फोड आणि काढून घे.”

तिला निलंबित केलं. टेबलावर सडका लगदा ओतल्याबद्दल, आणि माहिती दडवल्याबद्दल. चौकशी समितीपुढे ती तीन माणसांसमोर बसली आणि तिने दोनच गोष्टी सांगितल्या: कंद डोंगरात आहेत, आणि डोंगर मोठा आहे. समितीतल्या एका बाईंनी तिला खासगीत सुचवलं, की थोडं नमतं घ्या, पेन्शन वाचेल. ती म्हणाली, “तुम्ही तो उतार पाहिलाय का?” नाही, असं त्या म्हणाल्या. “मग मला शिकवू नका.” तिला मुदतीआधी निवृत्त केलं गेलं. निरोप समारंभ झाला नाही. तिचं भिंग आणि सुयांचा डबा शिपायाने घरी आणून दिला आणि दारातच तिच्या पाया पडायला लागला, तर ती त्याच्यावरही ओरडली.

ठिपका अखेर काढला गेला. उतारावर काही उरलं नाही तेव्हा. काचघरवाला जामिनावर सुटला आणि त्याच्या खटल्याचं घोंगडं भिजतच राहिलं. संचालकाला वरची जागा मिळाली. यातली प्रत्येक बातमी नवऱ्याने तिला जेवण झाल्यावरच सांगितली, आधी नाही.

सगळ्यात खालच्या ट्रेपर्यंत मात्र म्हाताऱ्याचं पाणी पोचलं नव्हतं. त्यातल्या बऱ्याच गोट्या जिवंत होत्या. हुकूम असला तरी निलंबित बाईच्या ताब्यात त्या कशा द्यायच्या, असं संग्रहशाळेच्या वकिलाने न्यायालयात विचारलं होतं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, “मग तुमच्यापैकी कोण नेतंय?” कुणी पुढे आलं नाही. गोट्या कवळ्यांच्या खोलीत आल्या. प्लास्टरच्या जबड्यांच्या फळीखाली, खिडकीच्या उन्हात, ट्रे मांडले गेले. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय? नवरा सांगायचा, “बायकोचा राग. हात लावू नका.”

हवा थंड झाल्यावर ती, धाकटी आणि तोवर नोकरीतून मोकळा झालेला गोगलगाय, असे तिघं भाड्याच्या गाडीने उतारावर गेले. उद्यानाने परवानगी दिली, माणूस दिला नाही. एकेक खड्डा शोधायचा, त्यात बारीक खडी घालायची, गोटी बसवायची, भोवती गारगोट्या दाबायच्या. धाकटीची नखं पहिल्याच दिवशी तुटली. तिने कुरकुर केली, पण थांबली नाही.

“ताई, जगतील ना?”

“अर्ध्या मरतील.”

“आणि उरलेल्या?”

“त्यांतल्याही काही मरतील. बडबड कमी कर, तो खड्डा उथळ झालाय.”

तिचा अंदाज चुकला. अर्ध्यापेक्षा जास्त मेल्या. काही सशांनी खाल्ल्या, काही नुसत्याच सुकल्या. पुढल्या थंडीत ती पुन्हा गेली, त्याच्या पुढल्याही. तगल्या त्या गोट्या आणि मागे राहिलेली नखाएवढी पिल्लं धरली, तर आता उताराचा एक कोपरा भरतो. बाकीचे खड्डे वाऱ्याने बुजत आलेत. ती त्यांच्यावरून चालत जाते तेव्हा अजूनही मोठ्याने शिव्या देत जाते, संचालकापासून काचघरवाल्यापर्यंत, नाव घेऊन, एकेकाला. गोगलगाय खाली गाडीपाशी चहा ओतत असतो. तिचं संपेपर्यंत तो हाक मारत नाही.